बारा पावलांचं अंतर

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत सुरभीला चार माणसांनी मिळून सहा लाडू दिले. घरात काहीतरी वाईट घडलंय हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिले दोन आजीने दिले. विमलाबाई कधी मागितल्याशिवाय लाडू देत नसत, आणि मागितल्यावरही आधी हात धुतलेस का विचारत. आज त्या स्वतः डबा घेऊन आल्या आणि "खा गं, बारीक झालीस" म्हणाल्या. सुरभी काल होती तेवढीच आजही होती. तिसरा आईने दिला. चौथा सिंधू आत्याने, जिचं दोन वर्षांपासून ठाम मत होतं की पळणाऱ्या मुलींनी तुपाकडे बघूही नये. पाचवा आणि सहावा बाबांनी आणले, दोन्ही हातांत एकेक. ते तिच्या हातात ठेवून आल्या पावली परत गेले. तिच्या बाबांनी, रामकृष्णाने, तीस वर्षं कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात काढली होती. मन मोकळं करायची वेळ आली की तो माणसाच्या हातात एखादी वस्तू देई.

हे लखनौबद्दल असणार, असं सुरभीला वाटलं. पण लखनौला महिना झाला होता. राज्य स्पर्धेत शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती चौथ्या अडथळ्यावर आपटली, गुडघे सोलले, आणि त्याबरोबर घरातला करारही संपला. करार साधा होता: या मोसमात पंधरा सेकंदांच्या आत यायचं, नाहीतर पळणं बंद आणि पुण्याला आत्याकडे जाऊन बँकेच्या परीक्षेचा अभ्यास. ती आली होती पंधरा पूर्णांक चार. तेही न पडता पळाली त्या दिवशी. गुरुवारचं तिकीट काढलेलं होतं. आज सोमवार. सोमवारी लाडू कशाला?

मागच्या पायरीवर आत्याचा केयूर मोबाइल घेऊन बसला होता. तो पुण्याहून आजोबांच्या सोहळ्यासाठी आला होता आणि दोन दिवसांत झाशी बघून झाली असं जाहीर करून मोकळा झाला होता.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"क्या?"

"मग मीपण नाही सांगत. आईने शपथ घातलीय."

"लाडू देऊ?"

"किती?"

"दो."

केयूरने दोन्ही लाडू घेतले, एक खाल्ला, आणि आईची शपथ मोडली.

झालं होतं असं. घराच्या मागे, छावणीच्या हद्दीला लागून जे मोकळं मैदान आहे, तिथे सोहळ्याचा तंबू ठोकायला परवा तंबूवाला आला. त्या मैदानाच्या एका कडेला आजोबांनी सुरभीसाठी धावपट्टी आखली होती. सुभेदार हणमंत धुमाळ निवृत्त झाले तरी फौज त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. प्रत्येक अडथळ्याच्या जागी दोन विटा पुरलेल्या, अर्धी वीट गेरूने आणि अर्धी चुन्याने रंगवलेली. दर महिन्याच्या एक तारखेला नवा हात. अडथळे बाबांनी स्वतः पीव्हीसीच्या पाइपचे बनवले होते, उंचीला मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही. तर तंबूवाल्याने खांब रोवायला जागा शोधली, एका विटेपासून पुढच्या विटेपर्यंत आपली दोरी टाकली आणि खूश होऊन म्हणाला, "साहब, ईंट से ईंट पूरे तीस फुट! हमारा तंबू जैसे इसी के लिए सिला था।"

रामकृष्ण शेजारीच उभा होता. तीस फूट म्हणजे नऊ मीटर चौदा सेंटीमीटर, हे त्याच्या डोक्यात आपोआप झालं. मुलींच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये साडेआठ मीटर असतात, हे त्यानंतर दोन सेकंदांनी आठवलं. त्यानंतर ऐंशी दिव्यांनी आजोबांना ओवाळेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. फोटोंमध्येही तो तंबूकडेच बघताना दिसतो.

"मामाने मामीला सांगितलं," केयूर म्हणाला, "मामीने आजीला, आजीने आईला. आईने मला सांगितलं नाही, मी दाराआडून ऐकलं. आता घरात दोघांनाच माहीत नाही. तुला आणि आजोबांना."

सुरभी उठून मैदानात गेली.

तंबू अजून उभा होता. सहाव्या आणि सातव्या जोडीच्या विटा त्याच्या चार खांबांना जणू पायताण झाल्या होत्या. ती सहाव्या विटेशी उभी राहिली आणि सातव्या विटेपर्यंत नुसती चालत गेली. या तुकड्यात रोज सकाळी ती तीन ढांगा टाकत होती. अशा ढांगा, की प्रत्येकीत अंगातलं सगळं बळ निघून जाई. आणि स्पर्धेत गेली की तेच अडथळे धावून अंगावर येत. तिने हे सांगितलं नव्हतं असं नाही. तिने सगळ्यांना, अगदी याच शब्दांत सांगितलं होतं: स्पर्धेत हर्डल जवळ येतात.

आजीने दृष्ट काढली. बाबांनी सदर बाजारात नेऊन डोळे तपासून आणले. तिला नंबर निघाला नाही, बाबांनाच निघाला. स्टेडियममध्ये स्टार्ट शिकवणारे श्यामसुंदरजी म्हणाले, "घबराहट है बेटा, अनुलोम-विलोम करो।" अडथळ्यांच्या गावाला ते जातच नसत, "वो सूबेदार साहब का डिपार्टमेंट है" म्हणून हात जोडत. आत्याने फोनवर ध्यानाचा एक वर्ग सुचवला, ज्यात तिला डोळे मिटून अडथळे दूर जाताना बघायचे होते. तिने बघितले. ते गेले नाहीत.

म्हणजे दोन वर्षं ती खरं सांगत होती आणि अख्खं घर तिच्यावर उपचार करत होतं.

ती परत आली तेव्हा स्वयंपाकघरात सल्लामसलत चालली होती. तिला बघून चौघं गप्प झाली, मग तिच्या मागून आलेल्या केयूरने "तिला कळलंय" म्हटल्यावर चौघं एकदम बोलू लागली.

"बाबांना कळता कामा नये," सिंधू आत्या म्हणाली. "ऐंशी उलटली त्यांची. कालच भाषणात म्हणाले, नोकरीत नाही केलं एवढं काम या पोरीसाठी केलं."

"मी विटा सरकवतो," रामकृष्ण म्हणाला. "सावकाश. रोज चार-चार सेंटीमीटर. सोळा दिवसांत एक गाळा बरोबर होतो."

"आणि दहावी वीट?" केयूरने विचारलं. "ती साडेसहा मीटर सरकणार. आजोबांच्या लक्षात येणार नाही?"

"पहाटे करीन. ते फिरायला गेले की."

"ते पहाटे तिथेच फिरतात," विमलाबाई लसूण सोलत म्हणाल्या. "विटा मोजत."

रेवती, सुरभीची आई, इतका वेळ कणीक मळत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती. "पण त्यांचं इतकं कसं चुकलं?" ती हळू आवाजात म्हणाली.

उत्तर दारातून आलं. "ते दोन वाजता सांगण्यात येईल."

हणमंतराव दारात उभे होते. अंगात कालचा सोहळ्याचा कोट, काखेत पेस स्टिक. परेडच्या मैदानावर पावलं मोजायची ही काठी, मोठ्या कर्कटकासारखी उघडणारी, पितळी टोकांची. जवानांना कवायत शिकवणारे उस्ताद म्हणून वीस वर्षं ती त्यांच्या हातात होती आणि कायम तीस इंचांवर पक्की केलेली असे. तंबूवाला तंबू सोडायला आला होता आणि आनंदाची बातमी त्याने साहेबांनाही दिली होती.

"दोन वाजता बैठकीच्या खोलीत कोर्ट ऑफ इन्क्वायरी," ते म्हणाले. "सगळ्यांनी हजर राहायचं. जेवून."

"अहो, कसलं कोर्ट?" विमलाबाई म्हणाल्या.

"पीठासीन अधिकारी मी. सदस्य तू आणि केयूर."

"आणि आरोपी?" केयूरने विचारलं.

"मीच."

"आजोबा, हे नियमात बसतं का?"

"बसवण्यात येईल."

दोन वाजता बसलं. आजोबांनी जुन्या डायरीत रेघा ओढून ठेवल्या होत्या. विमलाबाई सदस्य म्हणून दिवाणावर बसल्या, लसणाचं सूप मांडीवर घेऊन. कोर्टात लसूण चालत नाही यावर आजोबांनी आग्रह धरला नाही, कारण संसाराच्या छप्पन्न वर्षांत ते अशा आग्रहांत कधी जिंकले नव्हते. सुरभी दाराशी, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसली. गुडघ्यांवरची खपली नुकती पडली होती.

"साक्षीदार क्रमांक एक," आजोबांनी हाक मारली, आणि स्वतःच समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. पीठासीन अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, तिच्या वतीने, ते म्हणाले, "तुम्हाला अंतर किती सांगितलं होतं?" मग मान ताठ करून, "साडेआठ मीटर, साहेब. श्यामसुंदरजींनी सांगितलं होतं."

"बाबा," सिंधू आत्या म्हणाली, "असं दोन्हीकडून बोलू नका हो. भीती वाटते."

"मोजलं कशाने?" त्यांनी रिकाम्या खुर्चीला विचारायला लावलं. "पेस स्टिकने. एक पाऊल तीस इंच. साडेआठ मीटरची पावलं झाली अकरा, आणि वर थोडं." त्यांनी कोट सारखा केला. "फौजेत 'वर थोडं' नसतं. पाऊल एकतर पडतं नाहीतर पडत नाही. मी बारावं टाकलं. सुरुवातीपासून पहिल्या अडथळ्यापर्यंत तसंच, सतरा आणि वर थोडं होतं. अठरा टाकली."

ते उठून आपल्या जागी आले आणि स्वतःचा जबाब लिहून काढला. अक्षर सरळ, एका उंचीचं.

"साक्षीदार क्रमांक दोन. रामकृष्ण."

रामकृष्ण खुर्चीत बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्यासारखा हात मांडीवर ठेवून.

"तुझं काम काय?"

"तपासणी. मापांची."

"खिशात काय असतं?"

रामकृष्णाने खिशातून टेप काढून टेबलावर ठेवली. पाच मीटरची, पोलादी. ती त्याच्या खिशात लग्नातही होती; फोटोत फुगवटा दिसतो.

"मग दोन वर्षांत एकदाही का नाही मोजलंस?"

"तुम्ही मोजलं होतं ना बाबा."

आजोबांनी पेन वर धरलं. "हे उत्तर लिहू?"

रामकृष्णाने टेपची पट्टी थोडी ओढून परत आत सोडली. "लिहा," तो म्हणाला. "खरं तेच आहे. कारखान्यात मी कुणाचं मोजलेलं मानत नाही. साहेबाचंसुद्धा." मग, जरा धीर आल्यासारखा, "पण बाबा, एक गोष्ट आहे. मी रात्रभर नियम बघत होतो. तुमचं माप चुकलेलं नाही. पहिल्यापर्यंत तेरा मीटर बहात्तर, मधले नऊ चौदा. ही पुरुषांच्या शर्यतीची मापं आहेत. तंतोतंत. तीही मुळात यार्डातच ठरलेली; दहा यार्ड म्हणजे तीस फूट."

"तंतोतंत?" आजोबांचे डोळे एकदम चमकले.

"केसाचाही फरक नाही."

"सदस्यांनी नोंद घ्यावी."

"घेतली," विमलाबाई म्हणाल्या. "माप बरोबर होतं. फक्त नातू पळायला हवा होता."

सगळ्यांनी केयूरकडे बघितलं. तो दोन जिने चढला की बसायला जागा शोधत असे. त्याने पाय आत ओढून घेतले.

तिसरी साक्ष रेवतीची. ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मला मापातलं काही माहीत नाही," ती म्हणाली. "मी स्पर्धांना जायचं बंद केलं, एवढंच सांगायचंय. दीड वर्ष झालं. मी समोर असले की पोरगी पडते असं मला सांगितलं होतं. मी लखनौला गेले होते. कुणाला माहीत नाही. स्टेडियमच्या बाहेर, चहाच्या गाडीपाशी उभी होते. भोंग्यावरून नाव ऐकलं. निकालात ऐकलं नाही, तेव्हा कळलं."

सुरभीने मान वर केली. हे तिला नवीन होतं.

"कुणी सांगितलं होतं?" आजोबांनी विचारलं.

रेवतीने नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही, कारण सिंधू आत्याच एकदम हुंदका आवरत म्हणाली, "मी सहज म्हटलं होतं गं वहिनी. फोनवर. माझ्या शेजारणीच्या मुलाचं तसं होतं, बुद्धिबळात."

"बुद्धिबळात पडतात?" केयूर म्हणाला.

"तू गप्प बस." आत्याने पदराने डोळे पुसले आणि सरळ रेवतीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सकाळपासून ती आजोबांच्या बाजूची होती. आता बाजू बदलल्याचं तिने खोलीभर चालून दाखवलं. "हे बघा बाबा, मी तिकीट रद्द करते. पोरीची काहीच चूक नाही. अजून एक वर्ष द्या तिला. बँक कुठे पळून जात नाही."

"मी उद्याच विटा बदलतो," रामकृष्ण म्हणाला. "एकदम. सगळ्या."

"आणि शिकवायचं ह्यांनीच," विमलाबाईंनी निकाल दिला. "मोजायचं मात्र नाही."

खोलीतली हवा सैल झाली. आजोबांच्या खांद्यांवरून सकाळपासूनचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. सगळे हसले. आई सुरभीकडे बघून हसली, दीड वर्षात हसली नव्हती तशी. करार मोडला, तिकीट गेलं, वर्ष मिळालं. सकाळी सुरभीला कुणी विचारलं असतं तर तिने याहून जास्त काही मागितलं नसतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात ती घरात सगळ्यांत तरबेज होती.

पण तिचे पाय तिला माहीत होते. विटा एका दुपारी सरकतात. दोन वर्षांची ढांग तशी सरकत नाही. ती कुठे आखडायची, गुडघा कधी खाली आणायचा, हे शिकवणारं कुणीतरी लागणार होतं. आणि समोर बसलेल्या माणसाला ते येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. ते तिला पहाटे उठवत, शिट्टी वाजवत, थंडीत स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात घालत, आणि "शाबास" म्हणत. प्रत्येक वेळी. पडली तरी.

"साक्षीदार क्रमांक चार बाकी आहे," ती म्हणाली.

"हो. बोल बेटा."

ती खुर्चीवर जाऊन बसली. अवघड बोलायचं असलं की तिला मराठी पुरत नसे. "बुआ, टिकट कैंसल मत करो," ती म्हणाली. "मुझे पुणे जाना है। बैंक के लिए नहीं। वहाँ सिंथेटिक ट्रैक है, हर्डल के कोच हैं। मुझे कोच चाहिए।"

सिंधू आत्याने हातातला पदर सोडला.

"सुरभी," रामकृष्ण म्हणाला, "आजोबा आहेत ना."

"वही तो," ती म्हणाली.

हणमंतराव डायरीकडे बघत होते. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. "साक्षीदाराने जबाब मराठीत द्यावा," ते शेवटी म्हणाले. "नोंदी मराठीत आहेत."

सुरभीने श्वास घेतला. "आजोबा, तुम्ही मला रोज पळवलं. दुसऱ्या कोणी नसतं पळवलं. पण हर्डल तुम्हाला येत नाहीत. मला ज्याला येतात त्याच्याकडे जायचंय."

"अगं, असं तोंडावर..." सिंधू आत्या म्हणाली.

"तोंडावरच म्हणायचं असतं," आजोबा म्हणाले. "मागे म्हणतात ती कुचाळकी." त्यांनी तिचं वाक्य लिहून काढलं. शब्द न शब्द. मग पान उलटलं आणि निष्कर्ष लिहू लागले, वाचत वाचत, जसे ते सगळे हुकूम वाचत. "एक. मापातील चूक सुभेदार हणमंत धुमाळ यांची. दोन. ती न तपासल्याची चूक रामकृष्ण यांची. तीन. रेवती यांच्यामुळे कुणीही, कधीही पडलेलं नाही. हे ठळक." त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. "चार. कुमारी सुरभी पुण्याला जाईल. सकाळी पळेल, संध्याकाळी अभ्यास करेल. मार्चअखेर काय ते बघू."

"माझ्या दोन खोल्या आहेत हो बाबा," आत्या म्हणाली. "पाचचा गजर वाजला की शेजारी भिंत ठोकतात."

"ठोकू देत. पाच." विमलाबाईंनी हातातला लसूण सुपात ठेवला. "पाच. सुभेदार हणमंत धुमाळ यांना प्रशिक्षकाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे."

त्यांनी खाली तीन सह्या केल्या: पीठासीन म्हणून, साक्षीदार म्हणून आणि आरोपी म्हणून. तिन्ही अगदी सारख्या. मग डायरी सुरभीपुढे सरकवली. तिने सही केली. तिची सही हिंदी वळणाची होती. आजोबांनी त्यावर फुंकर घालून शाई वाळवली, डायरी मिटली, आणि कोट काढून झोपायला गेले.

संध्याकाळी तंबू गेला होता. जिथे तो होता तिथे गवत दबलेलं होतं आणि एक पणती विसरलेली. गुरुवारपर्यंत तीन संध्याकाळी हातात होत्या. अडथळ्यांना हात लावायचा नाही, नुसती पावलं नव्या अंतरावर टाकून बघायची, असं सुरभीने ठरवलं. बाबांकडून तिने कारखान्यातली लांब टेप मागून घेतली. पण टेप एकट्याने ओढता येत नाही. ती शून्याच्या टोकावर दगड ठेवी आणि चार पावलं गेली की टोक निसटून सळसळत तिच्याकडे येई.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आजोबा मैदानाच्या कडेला उभे होते. हात रिकामे.

"येऊ का?" त्यांनी विचारलं. या मैदानात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

"या ना."

"मला मोजायची बंदी आहे."

"टेप धरायची बंदी नाहीये."

त्यांनी थोडा विचार केला. नियमात बसत होतं. मग एक हात तिच्या खांद्यावर ठेवून ते सावकाश खाली बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा, मध्ये एक जुना श्वास. आणि टेपचं टोक पहिल्या विटेशी ठेवून त्यावर अंगठा दाबला. इतका, की नखाचा रंग गेला.

सुरभी टेप ओढत चालू लागली. साडेआठ फार लवकर आलं. पाय अजून पुढे जायला बघत होते. तिने त्यांना थांबवलं आणि मागे वळून पाहिलं.

"आजोबा, पाय आखडले तर उठा. मी दगड ठेवते."

"तू पुढे बघ," ते म्हणाले. "शून्य मी धरलंय."